बोटाबोटानं

निपाणीच्या वाचनालयात
दाखल क्रमांक दोन हजार एकशे चौदा.
लेखक: श्री. लेओनी, फ्रान्स.
अनुवादक: एक भगिनी.
किंमत दीड रुपया. शेरा: पुठ्ठा सुटलेला.

अकरा वर्षं मी इथं पुस्तकं देते-घेते.
ह्या श्रीयुतांना घरी नेलं ते एकाच वाचकानं,
तारखांच्या चिठ्ठीवर एकच सही,
च. मुतकेकर, च. मुतकेकर, च. मुतकेकर,
एकोणसत्तर ते पंच्याहत्तर, दर पंधरवड्याला.

प्रस्तावनेची चार पानं, तीन वाळवीची.
उरल्या पानावर एवढंच, की
लेओनी हातमोजे शिवणाऱ्याची मुलगी,
कातड्याच्या वासात वाढली,
बापाच्या हिशेबाची वही उलटी धरून लिहू लागली.
पहिली दोन पुस्तकं निघाली भावाच्या नावानं.
भाऊ वारला होता,
तरी बाजारात त्याचंच नाव जास्त जिवंत.
तिसऱ्या खेपेला ती स्वतः गेली छापखान्यात.
मालक म्हणाला, लेखक नाही आले?
ती म्हणाली, आलेत. खुर्ची द्या.

इथून पुढं वाळवी.

फ्रेंचातून इंग्रजीत, इंग्रजीतून कन्नडात
धारवाडच्या कुणा मास्तरांच्या हातून,
आणि कन्नडातून मराठीत ह्या भगिनीच्या.
आमच्या भागात गोष्टी अशाच येतात,
शेजारणीकडून विरजण आणावं तशा.
पण वाटेत कुठंतरी हातमोज्याचं कैचील झालं.
कैचील म्हणजे पिशवी.
म्हणून एकशे सातव्या पानावर
नायिका नवऱ्याच्या मित्रांसमोर, भर बैठकीत,
“शांतपणे बोटाबोटानं पिशवी काढते
आणि टेबलावर ठेवते.”

हसले मी. एकटीच, कपाटांमध्ये.
समासात पेन्सिलीनं लिहिलं: चूक.

चंद्राक्का मुतकेकर आता ऐंशीच्या पुढं.
अक्कोळ रोडला सुनेकडं असते.
नखं अजून तपकिरी.
म्हणाली, वखारीत वाचायचे मी,
जेवणाच्या सुट्टीत, तंबाखूच्या बोदावर बसून.
दीडशे बायका, निम्म्या कानडी.
त्यांच्यासाठी थांबून थांबून सांगायचं.
थांबले की वरडायच्या, मुंद एनातु?

भीत भीत मी काढलं एकशे सातवं पान.
“ते व्हय? ते सगळ्यास्नी पाठ.
तंबाखू हाताला चढती बाई,
रातच्याला पोरं घास थुकत्यात, भाकरी कडू म्हणून.
मग खताच्या पिशव्या कापून हाताला बांधायच्या,
मनगटाशी सुतळी.
सुट्टी झाली की एकेक बोट धरून वढायचं,
घामानं चिकटलेली असती.
फ्रान्सात बी वखारी असतील,
न्हाईतर त्या बाईला कसं कळावं?”

आणि जरा वेळानं, सून चहा ठेवून गेल्यावर,
“मुकादमानं अर्ध्या दिसाची मजुरी कापली तवा
कोण काय बोललं न्हाई.
एकेक जण गेली त्याच्या टेबलापाशी
आन् पिशवी काढून ठेवली. बोटाबोटानं.
दीडशे जणी.
टेबल दिसंना झालं.”

मजुरी मिळाली का, ते मी विचारलंच नाही.
विचारलं, ती भगिनी कोण?
“कुणी म्हणायचं बोरगावच्या तलाठ्याची बायको,
कुणी चिकोडीची मास्तरीण,
कुणी म्हणायचं संकेश्वरची बाळंतविधवा, भावाकडं राहायची.
तू नाव लिवणार हाईस?
मग तिघींचं लिव.”

नोंदवहीत खाडाखोड चालत नाही, वर शिक्का आहे.
पण श्री पुढचं टिंब जाड होतं,
त्यातच बसवला म,
मग ती.
पेन्सिलीची चूक खोडली, वळ राहिला कागदावर.
अनुवादकाच्या रकान्यापाशी पेन धरून बसले,
तीन नावं मावायची नाहीत तिथं,
आणि मला तर एकही माहीत नाही.

दिवा घालवायच्या आधी पुन्हा उघडलं एकशे सात.
खालचा कोपरा तपकिरी,
अंगठ्याएवढा.
मला शिंक आली.